संग्रहालयातील व्यापार आणि बारामती-इंदापूरची पेठ

राजाची तलवार काचेच्या कपाटात मावते. देवतेची मूर्ती मावते, नाणे मावते, ताम्रपटही मावतो. बाजारपेठ मात्र कपाटात मावत नाही. भावाची घासाघीस, उधारीमागचा विश्वास, मापाड्याच्या हातातील काटा, माल उतरविणाऱ्या हमालाचे श्रम आणि गावापासून बंदरापर्यंतची बैलगाड्यांची वाट यांपैकी कशालाही क्रमांक देऊन मांडून ठेवता येत नाही. म्हणूनच जगातील बहुतेक संग्रहालयांतून व्यापारातील वस्तू दिसतात. ज्या जागी तो व्यापार झाला ती जागा आणि ज्यांच्या हातून तो झाला ती माणसे क्वचितच दिसतात.

हा प्रश्न केवळ महानगरांतील मोठ्या संग्रहालयांचा नाही. नीरा, कऱ्हा आणि भीमा या नद्यांच्या काठी वसलेले बारामती व इंदापूर हे तालुके वरवर पाहता समुद्रापासून दूर आहेत. तरीही अमेरिकेतील युद्ध, इंग्लंडमधील गिरण्या आणि जावा बेटावरील साखर यांचे धक्के या भूमीने प्रत्यक्ष सोसले आहेत. व्यापारावर ज्यांचे पिढ्यान्‌पिढ्या पोट राहिले, त्या समाजाने आपला हा इतिहास कसा जपावा, हे ठरविण्यापूर्वी इतरांनी तो कसा मांडला आहे, हे पाहणे उचित ठरेल.

प्राचीन मार्गांची साक्ष

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांचे वर्णन लिहून ठेवले. ‘पेरिप्लस’ या नावाने ते प्रसिद्ध आहे. भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, असे त्यात म्हटले आहे. पैठणहून अकीकासारखे दगड आणि तगरहून मोठ्या प्रमाणात कापड गाड्यांतून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला जात असे. तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर. जैन वाचकांना हे स्थान अपरिचित नाही. कनकामर मुनींच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात तेरापूर आणि तेथील लेण्यांचा उल्लेख येतो.

तेरच्या शेतांतून आणि पांढरीच्या टेकाडांतून सापडलेले मणी, मृण्मूर्ती, दिवे आणि हस्तिदंती वस्तू तेथीलच रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांनी चिकाटीने गोळा केल्या. त्यांच्याच नावाचे शासकीय संग्रहालय आज तेथे आहे. त्यातील एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे साम्य इटलीत पाँपेई येथे १९३८ मध्ये मिळालेल्या मूर्तीशी आहे. पाँपेई नगर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. म्हणजे ती मूर्ती त्यापूर्वीच तेथे पोहोचली होती. कोल्हापूरच्या टाउन हॉलमधील संग्रहालयात ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली समुद्रदेवता पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती आहे. ती पश्चिमेकडून आलेली आहे. एक वस्तू गेली, एक आली. परंतु ती कोणी नेली, कोणी आणली आणि वाटेत मुक्काम कोठे पडले, याविषयी कपाट मौन पाळते.

ते मौन मोडणाऱ्या जागा पुणे जिल्ह्यातच आहेत. नाणेघाटाच्या माथ्यावरील दगडी रांजण जकातीचा मानला जातो. जुन्नरच्या लेण्यांत तीन यवनांनी दिलेल्या दानांची नोंद कोरलेली आहे. मावळ तालुक्यातील पाले येथील लेण्यात अरहंतांना नमन करून सुरू होणारा ब्राह्मी लेख आहे. महाराष्ट्रातील सर्वांत प्राचीन जैन लेख म्हणून अभ्यासक त्याकडे पाहतात. लेणे आणि पाण्याचे टाके यांच्या दानाची ती नोंद आहे. कोकणातून घाट चढून येणाऱ्या वाटांच्या या प्रदेशात विसावा आणि पाणी यांचे मोल प्रत्येक वाटसरूला ठाऊक होते. या तिन्ही ठिकाणी वस्तू हलविलेली नाही, म्हणून वाटेचा अर्थ टिकून राहिला आहे.

नमुन्यांची दालने

आधुनिक काळात मुंबई-पुण्यात जी संग्रहालये उभी राहिली, त्यांचा जन्मच व्यापारातून झाला. १८५१ मध्ये लंडनला आणि १८५५ मध्ये पॅरिसला जागतिक प्रदर्शने भरली. त्यांसाठी हिंदुस्थानातील कच्चा माल व कारागिरीचे नमुने जमविले जात होते. त्याच प्रयत्नांतून मुंबईचे संग्रहालय आकारास आले आणि १८७२ मध्ये भायखळ्याच्या सध्याच्या वास्तूत खुले झाले. नाना शंकरशेट व डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यासाठी मोठी खटपट केली होती. १९७५ पासून ही संस्था डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखली जाते. पुण्यातही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस औद्योगिक संग्रहालय स्थापन झाले. पुढे लॉर्ड रे यांच्या नावाने आणि नंतर महात्मा फुले यांच्या नावाने ते प्रसिद्ध झाले.

या दालनांतून धान्य, तंतू, लाकूड, धातू, मातीच्या छोट्या प्रतिकृती आणि कारागिरांची अवजारे नीट मांडलेली असत. त्यांचा हेतू शिक्षणाचा होता, तसाच व्यवहाराचाही होता. कोणत्या जिल्ह्यात काय पिकते आणि कोठे काय बनते, हे उद्योजकाला एका दृष्टिक्षेपात कळावे, अशी ती रचना होती. अशा दालनातला कापसाचा नमुना कापसाची जात सांगतो. तो पिकविणाऱ्याने कोणाकडून किती व्याजाने कर्ज घेतले, हे तो सांगत नाही.

गोदामाचेच संग्रहालय

परदेशांत अलीकडे वेगळी वाट चोखाळली गेली. लंडनच्या वेस्ट इंडिया गोदीत १८०२ मध्ये बांधलेल्या गोदामात वेस्ट इंडीज बेटांवरून येणारी साखर, रम आणि कॉफी साठविली जात असे. त्याच गोदामात २००३ मध्ये संग्रहालय उघडले. तेथे वास्तू हीच पहिली प्रदर्शनीय वस्तू ठरली. तरीही साखरेमागील गुलामांच्या श्रमांना वाहिलेले स्वतंत्र दालन २००७ मध्ये, म्हणजे ब्रिटिश गुलामव्यापारबंदीला दोनशे वर्षे झाली तेव्हा उघडले. त्याच वर्षी लिव्हरपूल येथील अल्बर्ट गोदीत आंतरराष्ट्रीय गुलामगिरी संग्रहालय सुरू झाले. लिव्हरपूल हे इंग्लंडचे कापसाचे प्रमुख बंदर होते.

गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांना मजूर हवेच होते. १८३४ पासून मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात हिंदुस्थानी करारबद्ध मजूर उतरू लागले. त्यांत मराठी माणसेही होती. त्या धक्क्याचे अवशेष ‘आप्रवासी घाट’ या नावाने जपले गेले आणि २००६ मध्ये त्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तेथे मौल्यवान वस्तू फारशा नाहीत. पायऱ्या आहेत आणि मुक्कामाच्या खोल्यांचे अवशेष आहेत. परंतु मजुरांच्या नोंदवह्या जपल्या गेल्या. त्यामुळे आज नातवंडे-पतवंडे आपल्या पूर्वजांची नावे शोधू शकतात. जागा आणि कागद एकत्र टिकले, तर व्यापाराचा इतिहास बोलू लागतो, हा या उदाहरणांचा बोध आहे.

कापूस, आगगाडी आणि सुपे

आता दृष्टी घरच्या भूमीकडे वळवावी. मुंबई इलाख्यातील नव्या जमीनमहसूल आकारणीचा प्रयोग १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात सुरू झाला. गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी ठरविलेली ती आकारणी तीस वर्षांसाठी होती. या मुदतीतच मोठे बदल घडले. १८५८ मध्ये पुण्याहून निघालेली आगगाडी इंदापूर तालुक्यातील डिकसळपर्यंत पोहोचली. लमाणांच्या बैलांच्या तांड्यांवरून घाट उतरणारा माल आता आगगाडीने जाऊ लागला.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. त्या वर्षी इंग्लंडमध्ये अमेरिकन कापसाच्या २० लाखांहून अधिक गाठी आल्या होत्या. पुढच्या वर्षी जेमतेम ५५ हजार आल्या. गिरण्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. मुंबईत पैशाचा पूर आला. व्यापाऱ्यांनी सावकारांना आणि सावकारांनी शेतकऱ्यांना सढळ हाताने रकमा दिल्या. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईतील अनेक पेढ्या बुडाल्या. त्या काळचे कापसाचे सर्वांत मोठे सटोडिये, जैन समाजातील प्रेमचंद रायचंद, यांचेही वैभव ओसरले. त्यांच्या देणगीतून मातोश्रींच्या नावाने उभारलेला राजाबाई टॉवर मात्र मुंबई विद्यापीठाच्या प्रांगणात आजही उभा आहे. त्या तेजीचे ते सर्वांत उंच स्मारक होय.

त्याच तेजीचे दुसरे टोक बारामती तालुक्यातील सुपे येथे आहे. तेथे टॉवर नाही. भाव उतरल्यावर नवे कर्ज मिळणे बंद झाले आणि जुने फिटेना. १८६७ मध्ये मुदत संपलेल्या महसुलाची फेरआकारणी सुरू झाली व सारा मोठ्या प्रमाणात वाढला. मुदतीच्या कायद्यामुळे दर तीन वर्षांनी जुने खत मोडून, व्याज मुद्दलात धरून नवे खत लिहून घेतले जाई. ज्याचा अंगठा त्या कागदावर उमटे, त्याला बहुधा तो वाचता येत नसे. १२ मे १८७५ रोजी, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुप्याच्या पेठेत भोवतालच्या गावांतील कुणबी जमले. त्यांनी सावकार-दुकानदारांकडे वह्या व कर्जरोखे मागितले. हाती आलेले कागद जाळण्यात आले, धान्याची दुकाने लुटली गेली, आग लावण्याचे प्रकारही घडले. पुढे हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावांत पसरले. इतिहासात ही घटना ‘दख्खनचे दंगे’ म्हणून नोंदली गेली.

सरकारी कागदपत्रांत या सावकारांचा उल्लेख मुख्यतः मारवाडी व गुजराती वाणी असा येतो. त्या वर्गात जैन कुटुंबेही होती, हे येथे आडपडदा न ठेवता नोंदविणे आवश्यक आहे. जमावाचा रोख प्रामुख्याने कागदावर होता, ही बाब इतिहासकारांनी वारंवार अधोरेखित केली आहे. ज्या वहीत एकाची पत होती, त्याच वहीत दुसऱ्याची जमीन अडकलेली होती.

सरकारने नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवण्यात आला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. कर्जासाठी शेतकऱ्याला कैद करण्यास त्याने आळा घातला, खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना दिला आणि पावती व हिशेब देण्याचे बंधन सावकारावर घातले. आयोगाने दोष सावकारीवर ठेवला. वाढीव साऱ्याला तो द्यावयास सरकार राजी नव्हते. आज त्या घटनेविषयी जे ठाऊक आहे, त्यातील फार मोठा भाग या सरकारी अहवालातून आलेला आहे. कुणब्याने लिहिलेले जवळजवळ काहीच नाही आणि सावकाराने लिहिलेले पुष्कळसे जळाले. बारावीच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकातून देशभरातील विद्यार्थी सुप्याचे नाव शिकत आले आहेत. ती पेठ कशी होती, दुकाने कोणत्या मालाची होती, बाजाराला माणसे कोणकोणत्या गावांहून येत, हे मात्र त्यांना समजू शकत नाही.

कालवा, गूळ आणि जावाची साखर

१८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर नीरा डावा कालवा पुरा झाला आणि १८८५ मध्ये त्याचे पाणी बारामती-इंदापूरकडे वाहू लागले. जेथे बाजरी-ज्वारी हाच आधार होता तेथे ऊस उभा राहिला, गुऱ्हाळे पेटली आणि बारामती ही गुळाची नामांकित पेठ झाली. १९१४ मध्ये दौंड-बारामती ही अरुंद रुळांची रेल्वे सुरू झाली आणि गुळाच्या ढेपा दौंडमार्गे दूरच्या बाजारांत जाऊ लागल्या. आडत, तोलाई, हमाली आणि वखार यांवर उभी असलेली एक संपूर्ण जीवनरीत या गुळाभोवती घडली.

त्याच काळात हिंदुस्थानच्या बंदरांत डच सत्तेखालील जावा बेटावरून दरवर्षी लाखो टन पांढरी साखर उतरत होती. १९३२ मध्ये साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला, आयातीवर जबर कर बसला आणि देशात साखर कारखाने झपाट्याने उभे राहिले. इंदापूर तालुक्यातील कळंबजवळच्या माळरानावर शेठ वालचंद हिराचंद यांनी उभारलेले वालचंदनगर हे त्यांपैकीच एक. गंमत अशी की, जावाच्या साखरेला रोखणारा ऊसही जावाशी नाते सांगणारा होता. कालव्यांवर दीर्घकाळ नाव मिळविलेल्या को ४१९ या जातीचे एक पितृवाण, पी. ओ. जे. २८७८, हे जावातील पासुरुआन येथील संशोधन केंद्रात तयार झाले होते. नीरेच्याच खोऱ्यात पाडेगाव येथे १९३२ मध्ये ऊस संशोधन केंद्र सुरू झाले. माल समुद्रापलीकडे अडविला गेला. बियाणे मात्र समुद्र ओलांडून आले.

वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ मध्ये सोलापूरच्या दिगंबर जैन कुटुंबात झाला. नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांसह त्यांनी १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. तिचे ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाले. ब्रिटिश कंपन्यांची मक्तेदारी असलेल्या सागरी मार्गावर हिंदी मालकीचे जहाज निघाल्याची ती घटना इतकी मोलाची मानली गेली की, १९६४ पासून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. ज्या गृहस्थाने बंदर आणि जहाज यांचे स्वप्न पाहिले, त्यानेच इंदापूरच्या माळावर कारखाना उभारला. समुद्र आणि माळ यांतील अंतर व्यापाराने असे मिटविले होते.

बुडालेले आणि उरलेले

या जागांपैकी काही कायमच्या गेल्या. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या पाण्यात भीमाकाठची गावे गेली आणि जुना लोहमार्गही बाजूला हलवावा लागला. पळसदेवचे प्राचीन मंदिर भर उन्हाळ्यात पाणी ओसरले की वर येते आणि पाहणारे गर्दी करतात. मंदिर पुन्हा दिसते. बुडालेली पेठ पुन्हा दिसत नाही. बारामतीत बाबूजी नाईकांचा वाडा कवी मोरोपंतांच्या वास्तव्यामुळे सर्वांच्या आठवणीत आहे. नाईक हे पेशवाईतील मोठे सावकार होते आणि राज्यकर्त्यांना कर्जे पुरविणारी त्यांची पेढी होती, हे फार थोड्यांना आठवते. कवितेला स्मारक मिळते, हिशेबाला मिळत नाही.

तो हिशेब उरला असेल तर तो घराघरांतील माळ्यांवर, लाल कापडाच्या बासनांत उरला आहे. रोजमेळ, खतावणी, हुंड्या, आडतीच्या पट्ट्या, रेल्वेच्या बिल्ट्या, तागड्या आणि शेर-पायलीची मापे हीच या भागातील जागतिक व्यापाराची अस्सल साधने आहेत. दिवाळीत पूजलेल्या वहीच्या पहिल्या पानावर गौतमस्वामींची लब्धी आणि शालिभद्रांची ऋद्धी मागण्याची परंपरा जैन व्यापाऱ्यांत होती. त्याच्या पुढच्याच पानापासून कोणत्या गावाहून किती ढेपा आल्या, काय भाव फुटला आणि कोणाची बाकी राहिली, याची नोंद सुरू होते. ही पाने काही मोडीत, काही गुजरातीत, काही महाजनी वळणात लिहिलेली आहेत. ती वाचू शकणारी पिढी झपाट्याने मावळते आहे.

असा संग्रह करताना दोन पथ्ये पाळावी लागतील. पहिले असे की, वहीत ज्यांची बाकी लिहिली आहे त्यांचे वंशज त्याच गावांत राहतात. त्यांच्या आजोबांचे कर्ज चारचौघांत मांडणे हा इतिहास नव्हे; नावे झाकून व्यवहार दाखविता येतो. दुसरे पथ्य अधिक अवघड आहे. दानशूरांच्या तसबिरी, धर्मशाळा, पांजरपोळ आणि पाणपोया यांबरोबर सुप्याची १८७५ ची आगही त्या दालनात असली पाहिजे. अचौर्य व्रताच्या अतिचारांत शास्त्रकारांनी खोट्या मापांचा आणि भेसळीच्या व्यवहाराचा स्पष्ट निर्देश केला आहे. ज्या परंपरेने व्यापाऱ्याला स्वतःचे माप तपासावयास शिकविले, तिला स्वतःचा इतिहास तपासण्याचे भय नसावे. एकाच खताकडे घेणेकऱ्याच्या व देणेकऱ्याच्या, अशा दोन्ही बाजूंनी पाहणे ही अनेकान्त दृष्टीची व्यवहारातील कसोटीच होय.

लंडनच्या गोदामाला खरे बोलण्यास दोनशे वर्षे लागली. बारामती-इंदापूरला तितके थांबण्याचे कारण नाही. पन्नास वर्षांची वाटचाल पूर्ण करणाऱ्या संस्थेपाशी लोकांचा विश्वास असतो आणि जुने कागद विश्वासाच्याच जागी येतात. एखादी कोरडी खोली, एक मोठे कपाट, गाव-पेठ-सालवार नोंद करणारे एक रजिस्टर आणि मोडी जाणणारा एखादा ज्येष्ठ, एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. तेरचे संग्रहालयही एका गृहस्थाच्या घरातील संग्रहातूनच उभे राहिले. पुढील दिवाळीच्या साफसफाईत जी वही रद्दीच्या तराजूत जाणार आहे, ती तेथे न जाता या कपाटात आली, तर सुवर्णमहोत्सवाचे ते एक चिरस्थायी फलित ठरेल.